शब्दाचे सुतक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी यंदा माझा छोटासा सत्कार झाला. कार्यवाहपदाची पाच वर्षे पूर्ण झाली, एवढेच त्याचे निमित्त. शाल आणि श्रीफळ स्वीकारल्यावर चार शब्द बोलणे प्राप्तच होते. आयुष्यभर शासकीय टिप्पण्या लिहिलेल्या माणसाला जाहीर भाषणात थोडे रंगून बोलण्याचा मोह होतो, तसा मलाही झाला आणि मी म्हणालो, "आपल्या प्रेमाची ही त्सुनामी पाहून मी पार वाहून गेलो आहे." सभागृहात हशा पिकला. वाक्य जमले, अशा समाधानात मी खाली बसलो.

शेवटच्या रांगेत माझे एक जुने सहकारी बसले होते. ते तेलुगूभाषक. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आता मुलाकडे हैदराबादेत राहतात. मराठीचा त्यांना गंध नाही; केवळ माझा सत्कार म्हणून ते आले होते. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "सार, तुमच्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला. पुन्हा कुठे काही झाले का? कोणी गेले का? आणि सगळे हसत कसे होते?"

मी त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागली नाही. अख्ख्या भाषणात त्यांना समजलेला एकमेव शब्द मी विनोदासाठी वापरला होता. आणि हा शब्द आम्हा दोघांच्या आयुष्यात पहिल्यांदा एकाच दिवशी आला होता.

तो दिवस २६ डिसेंबर २००४. रविवार आणि मार्गशीर्ष पौर्णिमा. त्या वेळी मी अविभक्त आंध्र प्रदेशाच्या महसूल खात्यात होतो आणि माझी नेमणूक कृष्णा जिल्ह्यात, मछलीपट्टणमला होती. त्या गावाला आजूबाजूचे सारे लोक नुसते 'बंदर' म्हणतात. बसवर बंदर, बोलण्यात बंदर, तिथला प्रसिद्ध लाडूसुद्धा बंदरचा. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला, "समुद्र आत आला." मी खिडकीतून वर पाहिले. आभाळ स्वच्छ होते. झाडाचे पान हलत नव्हते. माझा विश्वास बसला नाही.

विश्वास न बसण्याला कारण होते. त्या किनाऱ्याला समुद्र आत येणे नवे नव्हते. १ नोव्हेंबर १८६४च्या रात्री चक्रीवादळाबरोबर चढलेल्या पाण्याने मछलीपट्टणम आणि परिसरातील सुमारे ३०,००० माणसे नेली. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी शेजारच्या दिवीसीमेत तसेच पाणी आले आणि १०,०००हून अधिक माणसे गेली. या पाण्यासाठी तेलुगूत स्वतंत्र शब्द आहे, 'उप्पेन'. वादळाबरोबर चालून येणारी समुद्राची भिंत असा त्याचा अर्थ. तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांना उप्पेन येण्याची सगळी लक्षणे ठाऊक होती. वारा कोणत्या दिशेचा, आभाळाचा रंग कसा, पक्षी कुठे गेले, सारे ते सांगत. पण त्या दिवशी यातले एकही लक्षण नव्हते. "वारा नाही, पाऊस नाही, मग उप्पेन कसे येईल?" हे वाक्य मी त्या आठवड्यात कितीदा ऐकले असेल, त्याची गणती नाही. त्यांच्याजवळ शब्द होता, पण तो या पाण्याचा नव्हता.

भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. हजार किलोमीटरहून लांब पट्ट्यात सागरतळ हलला आणि त्याने वरचे सारे पाणी ढकलले. अडीच तासांत ते आमच्या किनाऱ्यावर पोहोचले. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मरण पावली. तमिळनाडूच्या मानाने आंध्र किनाऱ्याची हानी कमी होती. मृतांचा अधिकृत आकडा शंभराच्या थोडा वर थांबला. वरिष्ठांच्या बैठकीत 'त्या मानाने थोडक्यात निभावले' असे म्हटले गेले. आकडेवारीने ते बरोबरच होते.

पंचनाम्याच्या कामात हे सहकारी माझ्याबरोबर होते. अक्षर मोत्यासारखे, म्हणून नोंदवही त्यांच्याकडे. आमच्याजवळच्या जुन्या छापील तक्त्यात आपत्तीचे नाव लिहायचे होते आणि पर्याय होते चक्रीवादळ, पूर, आग, भूकंप असे. त्यांनी लेखणी थांबवून विचारले, "सार, काय लिहू?" भूकंप म्हणावा तर आमच्याकडचे एक कौलही सरकले नव्हते. पूर म्हणावा तर नदी जागच्या जागी होती. दुपारनंतर वरून आलेल्या संदेशात तो शब्द होता. त्यांनी तो त्या एका वहीत तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला. आज केंद्र शासनाच्या आपत्तींच्या यादीत त्सुनामीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या दिवशी आमच्यापुढे केवळ कोरी जागा होती.

एका कोळीवस्तीत आम्ही एका बाईच्या दारात गेलो. तिचा बारा वर्षांचा मुलगा पौर्णिमेच्या समुद्रस्नानाला गेला होता. तिने सारी माहिती शांतपणे दिली. शेवटी तिने विचारले, "साहेब, माझ्या पोराला कोणी नेले? लोक म्हणतात, हे उप्पेन नव्हते." मी तो नवा शब्द सांगितला, "सुनामी." तिने तो स्वतःशी पुटपुटून पाहिला आणि विचारले, "सुनामी? कोण ती?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. सहकाऱ्यांनी वही मिटली आणि आम्ही पुढच्या दाराकडे निघालो.

पुढे बदली होऊन हैदराबादेस आल्यावर मी या शब्दाची माहिती करून घेतली. शब्द जपानी. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. त्सुनामी म्हणजे बंदरातली लाट. खोल समुद्रात ती ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने धावते, पण तिथे तिची उंची बहुधा मीटरभरही नसते. जहाजाच्या पोटाखालून ती केव्हा गेली, ते खलाशाला कळतही नाही. किनाऱ्यापाशी पाणी उथळ झाले की तिचा वेग घटतो आणि ती उभी राहते. दूर समुद्रात मासेमारी करून निर्धास्त परतणाऱ्या कोळ्यांना आपले बंदर तेवढे उद्ध्वस्त झालेले दिसे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. जिथे नाव सुरक्षित लागावी, तिथेच घात व्हावा, हा या नावातला खरा अर्थ. मला हे कळले तेव्हा त्या गावाचे 'बंदर' हे नाव आठवून अंगावर काटा आला.

उच्चाराचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. हिंदीने आणि तेलुगूने हा शब्द 'सुनामी' असा लिहिला. मराठीत 'त्सुनामी' रूढ झाला. वास्तविक तो उच्चार आपल्या घरचाच आहे. चाक, चूल, चोच या शब्दांतला च आणि चहा, चिमणी, चंद्र यांतला च यांत आपण बोलताना न चुकता भेद करतो. चुलीतला 'चु' घेऊन 'चुनामी' लिहिले असते, तरी मराठी माणसाने तो जपान्याच्या जवळपास उच्चारला असता. पण आपण त्याला जोडाक्षराचा पाहुणा करून ठेवले. 'सुनामी' या रूपाचे दैव तर याहून विचित्र. संस्कृताचा संस्कार असलेल्या कानाला त्यात 'सु' आणि 'नाम' ऐकू येते, म्हणजे चांगल्या नावाची. त्या बाईला तो एखाद्या स्त्रीच्या नावासारखा वाटला, यात तिचे काही चुकले नव्हते.

वस्तू पूर्वीही होती, शब्द नव्हता. नोव्हेंबर १९४५मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावरही पाणी चढून काही माणसे वाहून गेली होती. त्याला नाव नसल्यामुळे मराठी स्मरणात ती घटना जवळजवळ उरलीच नाही. याच्या उलट उदाहरण सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटाचे. तिथे १९०७मध्ये अशी लाट आली होती. बेटावरच्या लोकांनी तिला आपल्या बोलीत 'स्मोंग' असे नाव दिले आणि ते गाण्यांतून, अंगाईंतून नातवंडांपर्यंत पोहोचवले: जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला, तर मासे वेचायला धावू नका, डोंगरावर पळा. २००४ साली भूकंपाचे केंद्र या बेटापासून अगदी जवळ होते. बेटावर पाऊण लाखाहून अधिक लोकवस्ती होती. कोणीतरी 'स्मोंग' असे ओरडले आणि माणसे डोंगरावर गेली. मृत्यू झाले सात.

एका शब्दाने इतकी माणसे वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. तो शब्द सत्त्याण्णव वर्षे त्यांनी जपून ठेवला होता. लाडात आलेल्या पोराला किंवा भरून आलेल्या बाजाराला 'स्मोंग' म्हणून त्यांनी तो झिजवला असता, तर त्या सकाळी तो ऐकून कोण पळाले असते?

आपण मात्र हा शब्द हाती येताच उधळायला सुरुवात केली. २००८ साली जागतिक अन्न कार्यक्रमाच्या प्रमुखांनी अन्नधान्याच्या महागाईला 'मूक त्सुनामी' म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी कर्जबाजाराच्या कोसळण्याला शतकातून एकदा येणाऱ्या त्सुनामीची उपमा दिली. आपल्याकडे २०१४च्या लोकसभा निवडणुकीत लाट हा शब्द अपुरा पडून 'लाट नव्हे, त्सुनामी' असे म्हटले जाऊ लागले. एप्रिल २०२१मध्ये प्राणवायूअभावी माणसे तडफडत असताना दिल्ली उच्च न्यायालयाने ही लाट नसून त्सुनामी आहे, असे उद्गार काढले. आता तर सवलतींची त्सुनामी, निकालांची त्सुनामी, अर्जांची त्सुनामी, काय वाटेल त्याची येते. म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढते आहे, त्यालाही पाश्चात्त्य देशांत 'रुपेरी त्सुनामी' असे नाव मिळाले आहे. म्हणजे मी आणि माझ्या पिढीचे आपण सारे आता एक आपत्ती झालो.

जुन्या सवयीने मी या साऱ्या अर्जांची छाननी करून पाहिली. महागाईची मूक त्सुनामी मला मंजूर करावीशी वाटते. ती दूर कुठे उगम पावते, दिसत नाही, आणि गरिबाच्या दारात आल्यावरच उभी राहते. न्यायालयाचा उद्गारही तसाच, कारण तिथे मरणच मोजले जात होते. निवडणुकीचा अर्ज मात्र नामंजूर. महिनोन्महिने भोंगे लावून जे येते, ते त्सुनामीसारखे कसे? रुपेरी त्सुनामीचेही तेच. माणूस साठीला येणार, हे त्याच्या जन्मदिवशीच ठाऊक असते. त्यासाठी सागरतळ हलावा लागत नाही. आणि माझ्या स्वतःच्या अर्जावर, त्या प्रेमाच्या त्सुनामीवर, काय शेरा मारावा, ते मला लिहवेना.

कोणी म्हणेल, भाषा अशीच वाढते. खरे आहे. राजकारणात भूकंप होतात, अफवांचा वणवा पेटतो. सर्वांत मोठा दाखला 'पानिपत'चा. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी मुलखातल्या घराघरांत रडारड होईल असे घडले. आणि आज क्रिकेटचा संघ हरला की आपण 'पानिपत झाले' म्हणतो. त्यात कोणाला अनादर वाटत नाही. मग त्सुनामीलाच ही सोवळ्याची वागणूक का?

यावर मी बरेच दिवस विचार करीत होतो. उत्तर मला आपल्या घरातल्या रीतीत सापडले. आपण सुतक पाळतो. जवळच्याचे दहा दिवस, दूरच्याचे तीन, आणि फार उशिरा, फार लांबून कळले तर नुसते स्नान. शब्दालाही असेच सुतक असावे. समुद्रापासून तीनशे किलोमीटरवर राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते लवकर फिटल्यासारखे वाटले. बंदरच्या माणसाला ते वीस वर्षांनंतरही फिटलेले नव्हते. पानिपत हा आपल्या स्वतःच्या घरचा शोक होता. तो आपणच पाळला आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी आपणच संपवला. दुसऱ्याच्या घरचे सुतक मात्र आपण परस्पर फेडू शकत नाही.

जपानातच याचा एक दाखला मिळतो. 'सदर्न ऑल स्टार्स' या तिथल्या लोकप्रिय गायकवृंदाचे २००० सालचे एक प्रेमगीत आहे. त्याचे नावच 'त्सुनामी'. त्याच्या लाखो प्रती खपल्या. मार्च २०११मध्ये ईशान्य जपानचा किनारा लाटेने धुऊन नेला. त्यानंतर आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवर ते गीत वाजेनासे झाले. तशी सक्ती कोणी केली नव्हती. लोकांनीच ते आवरले. ओनागावा या उद्ध्वस्त झालेल्या गावात आपत्तीनंतर एक छोटे रेडिओ केंद्र सुरू झाले होते. २०१६मध्ये ते बंद झाले, तेव्हा निरोपाचे शेवटचे गीत म्हणून त्यांनी तेच लावले. ज्यांच्या घरची माणसे गेली होती, त्यांनीच तो शब्द पुन्हा गाण्यात घेतला. तो अधिकार त्यांचा होता, आणि त्यांनी पाच वर्षे वाट पाहिली.

आपल्या भाषेला हा विवेक परका नाही. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, ती 'वाढली' म्हणतो. दिवा विझवत नाही, तो 'मालवतो'. नवे शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणतील. मला त्यात समोरच्याच्या मनाची काळजी दिसते. ऐकणाऱ्यांत कोणाचे काय वाढले असेल, ते आपल्याला ठाऊक नसते.

आणखी एक कारण आहे आणि ते केवळ भावनेचे नाही. आपल्या हैदराबादेतच प्रगतीनगरच्या बाजूला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. ऑक्टोबर २००७पासून देशाचे त्सुनामी इशारा केंद्र तिथे चालते. समुद्राचा वाराही जिथे पोहोचत नाही, अशा या पठारावर बसून काही माणसे रात्रंदिवस सागरतळाचे ऐकत असतात. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा इशारे निघाले. त्या दुपारी मी बंदरला एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तो धापा टाकत म्हणाला, "सार, आम्ही सगळे रस्त्यावर आहोत, आत चाललो आहोत." मोठी लाट आली नाही, तळ उभा न हलता आडवा सरकला होता. लाट आली नाही, पण शब्दाने आपले काम केले. तो ऐकून माणसे उठली आणि चालू लागली. लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या मुलाचे काय झाले, ते आपण लहानपणीच शिकलो आहोत.

वर्धापनदिनाचे इतिवृत्त तपासायला माझ्याकडे आले, तेव्हा त्यात माझे ते वाक्य जसेच्या तसे होते. मी 'त्सुनामी' खोडून त्यावर 'महापूर' लिहिले. आणि लिहिता लिहिता हात थांबला. माझी आजी याच शहरातली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने हैदराबाद बुडवले. हजारो माणसे गेली. अफझलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास जीव वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिने त्या वर्षाला कधी 'पुराचे साल' म्हटले नाही. 'पाणी आले होते त्या साली', एवढेच ती म्हणे. आम्ही मुले 'आनंदाचा पूर' वगैरे निबंधात लिहीत असू. तिने आम्हाला कधी टोकले नाही. तिचे सुतक तिने आमच्यावर लादले नाही, इतकेच. तो शब्द आम्हाला मोकळा मिळाला, याचा अर्थ तो कोणीतरी आपल्यापुरता पाळून संपवला होता.

मी 'महापूर'ही खोडला आणि लिहिले, 'आपण सर्वांनी केलेल्या प्रेमाने मी भारावून गेलो आहे.' वाक्य साधे झाले. त्यावर कोणी हसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना फोन करून खरे काय ते सांगितले. मी प्रेमासाठी तो शब्द वापरला, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सार, ती बाई आठवते? कोण ती, असे विचारणारी?" मी म्हटले, आठवते. एवढेच बोलणे झाले.

कागदावर खाडाखोड झाली की तिच्यापुढे लघुस्वाक्षरी करायची, ही नोकरीतली सवय. इतिवृत्तातल्या त्या ओळीपुढे मी ती केली आणि खाली तारीख घातली.